पुरुषभर पाणी

नानांच्या शर्टाची वरची गुंडी कधीच जागेवर नसते. काकू लावत असतात. पांढऱ्या शर्टाला निळी, निळ्याला काळी, डब्यात जी हाताला लागेल ती. पण कुठे पाणी दिसलं की नानांचा उजवा हात आपोआप गळ्याशी जातो आणि गुंडी उडते. ती सोडवत बसायला नानांना वेळ नसतो. तेवढ्यात पाणी निघून जाईल अशी त्यांना धास्ती असते.

धास्ती अगदीच खुळी नाही. आमच्या सावद्याच्या भागातून पाणी खरोखर निघून गेलेलं आहे.

नानांचा जन्म घरात झाला, पण शिक्षण विहिरीत. सहाव्या वर्षी पाठीला वाळलेला भोपळा बांधून चुलत्यांनी काठावरून ढकललं. दुसऱ्या उन्हाळ्यात भोपळा सुटला आणि तिसऱ्या उन्हाळ्यात नाना मोटेच्या धावेवरून पळत येऊन थेट मुटका मारू लागले. मुटका म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन बुडावर आदळायचं. काठावर बसलेल्या पाहुण्याचं धोतर भिजलं तरच तो मुटका, नाहीतर ते नुसतं पडणं, ही व्याख्या नानांची. सूर मारणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. सूर मारणारा माणूस आवाज न करता पाण्यात शिरतो. चोर शिरतो तसा.

नानांच्या आजोबांनी ती विहीर खणली. त्या आजोबांची एक गोष्ट आहे. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष, गांधीजी हजर. आमच्या पंचक्रोशीत असं एकही घर नाही की ज्यातल्या आजोबांनी नेहरूंना हातभर अंतरावरून पाहिलं नाही. अपवाद नानांचे आजोबा. "ते पोहू ऱ्हायले होते," नाना सांगतात. यात कमीपणा वाटावा असं त्यांना काही दिसत नाही. १९७२ च्या दुष्काळातही त्या विहिरीत पुरुषभर पाणी होतं, हे ते अजून शपथेवर सांगतात. पुरुष हे नानांचं एकमेव माप. हात वर करून उभा राहिलेला माणूस बुडेल इतकी खोली म्हणजे एक पुरुष. त्याच्या खालच्या कुठल्याही पाण्याला ते 'ओल' म्हणतात.

विहीर अजून आहे. आत पिंपळाचं रोप आहे, कबुतरं आहेत. तळाशी मुलांनी उभं बोअर घेतलं, मग आडवी बोअरं घेतली. रावेर आणि यावल हे दोन्ही तालुके भूजलाच्या सरकारी पाहणीत अतिशोषित ठरलेले आहेत. म्हणजे जमिनीत जितकं मुरतं त्याहून जास्त आम्ही उपसतो. उपसतो ते केळीसाठी. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले. नानांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "विहिरीले काय भेटलं?"

उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला ठिबकनं दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी द्यावं लागतं. काकूंची न्हाणीतली बादली पंधरा लिटरची आहे. हा हिशेब नानांनी ज्या दिवशी मांडला त्या दिवशी घरात भांडण झालं. "केयीले वीस लिटर, अन् मले एक बादली! मंग घरचा मालक कोन?" काकूंनी तवा खाली न ठेवता उत्तर दिलं, "केयीचा घड येतो. तुमचा येतो का?"

ठिबकवर त्यांचा तसा राग नाही. पोरं शहाणी आहेत, ठिबक नसतं तर बागा केव्हाच गेल्या असत्या, हे ते मान्य करतात. पण ज्या माणसानं मोटेचं पाणी धबाधबा थारोळ्यात पडताना ऐकलंय, त्याला काळ्या नळीतून टिप, टिप, टिप हे ऐकायला लावणं म्हणजे पखवाजवाल्याला मोबाईलची रिंग ऐकवण्यासारखं आहे.

असा एक माणूस खानदेशात जवळजवळ प्रत्येक गावात सापडेल. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, खांदे अजून रुंद, कानात केव्हातरी गेलेल्या पाण्यामुळे एका बाजूनं कमी ऐकू येणं, आणि नजर कायम कुठे काही चकाकतंय का याच्या शोधात. मे महिन्यात ४५ अंशात डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं. बाकीचे डोळ्यांवर हात धरतात, हा गुंडीवर धरतो.

"तापी आहे ना!" असं बाहेरगावचा माणूस म्हणतो. तापी आहे. हतनूरच्या धरणाचा फुगवटाही आहे. पण त्या धरणात पाण्याच्या बरोबरीनं गाळ साठलेला आहे, आणि नाना एकदा पाण्याच्या आशेनं गेले ते मांडीपर्यंत गाळात गेले. बाहेर आले तेव्हा एक चप्पल कमी होती. जळगावला एका लग्नात हॉटेलच्या मागे निळाशार तलाव दिसला; तिथल्या पोरानं नानांची पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी पाहून "नायलॉनची पाहिजे, आणि डोक्याला टोपी" असं सांगितलं. "टोपी हाये की," म्हणून नानांनी खिशातली गांधी टोपी काढली. उपयोग झाला नाही.

शेततळ्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण त्यात जीव जायची वेळ होती. पाहुण्यांच्या मळ्यात नवं शेततळं झालं. उताराच्या चारी कडा, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, आत दोन पुरुषांहून जास्त पाणी. वास्तुशांतीला बसावं तसे नाना सदरा काढून तयार. मुटका झाला. पाहुण्यांचं धोतर नव्हतं, पँट होती, ती भिजली. दहा मिनिटं नाना स्वर्गात होते. मग बाहेर यायला निघाले. ओल्या प्लास्टिकवर शेवाळ धरलेलं. हात टाकला की घसरे, पाय टाकला की घसरे. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, पिंपळाचं मूळ असतं. शेततळ्याला काही नसतं. चांगले पोहणारे शेततळ्यात बुडतात ते याचमुळे. कुणीतरी घाईत ठिबकची नळी टाकली. नानांचं वजन पेलायला ती केलेली नाही, ती तुटली. शेवटी केळीचा ट्रक भरायची शिडी आणली तेव्हा नाना वर आले. दम लागलेला, ओठ निळे, पण तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते, "पानी झकास होतं."

त्या दिवसापासून काकूंनी घरात शेततळं हा शब्द बंद केला.

तर अशा माणसासमोर आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या सरांनी उनपदेवचा विषय काढला. काढला तो गुडघ्यांवरून. नानांचे गुडघे थंडीत धरतात, आणि सर म्हणाले, "पौषात तिथं यात्रा असते, गरम पाण्याचा झरा आहे, शेकून निघाल." नानांनी गुडघ्यांचा विषय तिथेच सोडला.

"पुरुषभर हाये का?"

सर सत्यवचनी. ते म्हणाले, "कुंड आहे."

कुंड हा शब्द नानांच्या चांगल्या कानात गेला आणि आत जाताना चांगलाच खोल झाला.

पौषातल्या एका पहाटे आम्ही निघालो. नाना, काकू, सर, मी, आणि सुट्टीवर आलेला नानांचा पुण्याचा नातू. नातू अकरा वर्षांचा, क्लबात पोहतो, गळ्यात गॉगल. नानांच्या पिशवीत पट्ट्यांची चड्डी, पंचा, खोबरेल तेल. आणि मांडीवर वाळलेला भोपळा. नातवासाठी.

"आजोबा, हे काय आहे?"

"तुहा गॉगल डोयाले, हा पाठीले."

रस्ता बऱ्हाणपूर-अंकलेश्वरचा. फैजपूर, यावल, साकळी, किनगाव, धानोरा. उजव्या हाताला सातपुडा सोबत चालतो, डाव्या हाताला केळीची हिरवी भिंत. थंडी अशी की जीपच्या काचेतून बाहेर पाहताना आपल्याच श्वासाचं धुकं. खानदेशात उन्हाळा इतका बदनाम आहे की आमच्या हिवाळ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. अडावदहून गाडी उत्तरेला डोंगराकडे वळली आणि नानांचा हात गळ्याशी गेला. पाणी अजून दिसलेलं नव्हतं. काकूंनी तो हात धरून खाली ठेवला.

वाटेत सरांनी माहिती दिली, सर देतातच. खानदेशात उनपदेव दोन. एक हे, चोपडा तालुक्यातलं. दुसरं नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात. इथल्या उनपदेवचा शेजारी सुनपदेव, तोही झराच. ऊन म्हणजे गरम. ऊन ऊन भात म्हणतो तो ऊन. कोकणातली उन्हाळे, उन्हेरे, उन्हवरे ही गावं याच शब्दाची भावंडं. मग गोष्ट: शरभंग ऋषींना त्वचारोग झाला, वनवासात राम आले, त्यांनी जमिनीत बाण मारला आणि गरम पाणी निघालं, ऋषी न्हाले, बरे झाले. वाल्मीकींच्या रामायणात शरभंग रामदर्शन होताच अग्निप्रवेश करतात. सातपुड्यातले शरभंग आंघोळ करतात. मला आमचे जास्त आवडतात.

नाना गोष्ट ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रामानं एक बान मारला तं गरम पानी निघालं. आमच्या पोऱ्यांनी तीनशे फूट बोर मारलं तं धूय निघाली. नेम पाहिजे भो."

सर मागे वळले. नेमाचा प्रश्न नाही, भेगेचा आहे, त्यांनी सांगितलं. सातपुडा आणि तापीचं खोरं यांच्या सीमेवर जमीन खोलवर तुटलेली आहे. पायथ्याशी धरून एक लांबलचक भ्रंशरेषा जाते. जमिनीत जसजसं खाली जावं तसतशी उष्णता वाढते, साधारण किलोमीटरमागे पंचवीस-तीस अंश. डोंगरावर पडलेला पाऊस भेगांतून खोल उतरतो, तिथे तापतो आणि वाट सापडली की दाबानं पुन्हा वर येतो. ज्वालामुखीचा यात काही संबंध नाही; आपले लाव्हाचे थर थंड होऊन सहा कोटींवर वर्षं झाली.

"म्हंजे पानी भेगेतून खाले जातं," नाना म्हणाले.

"हो."

"अन् दुसरीकडं गरम होऊन निघतं."

"हो, म्हणजे..."

"मंग सापडलं."

"काय सापडलं?"

"माह्या विहिरीचं पानी."

जीपमध्ये कुणी काही बोललं नाही. भोपळा नातवाच्या मांडीवर गेला होता.

उनपदेवला पोहोचलो तेव्हा ऊन नुकतं झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं. यात्रेची गर्दी, नारळ, खेळणी, गुळाची जिलेबी. आणि गोमुखातून पडणारी धार. बारमाही धार, वरून वाफ निघते आहे, थंडीनं आखडलेली माणसं तिच्याखाली जाऊन उभी राहताहेत आणि प्रत्येकाच्या तोंडून एकच आवाज निघतो आहे, 'हाऽऽ'. हा आवाज कुठल्याही भाषेतला नाही. गणेशपुरी-वज्रेश्वरीला मी तो ऐकलाय. जपानी माणूस त्याच्या गरम कुंडात उतरताना दुसरा कुठला काढत असेल असं वाटत नाही.

नानांनी आवाज केला नाही. ते कुंडाच्या काठावर उभे राहून खाली बघत होते. गुंडी गेलेलीच होती, बाकीच्याही निघाल्या, पट्ट्यांची चड्डी प्रकट झाली. चार पावलं मागे सरून त्यांनी जागा घेतली. धावेची लांबी हवी ना.

"नाना, थांबा!" मी ओरडलो. सर ओरडले. काकू नावानं हाक मारत नाहीत, त्यांनी देवाच्या नावानं हाक मारली. नातवानं मात्र डोकं चालवलं. तो आधीच कुंडात उतरला होता आणि उभा होता. पाणी त्याच्या कमरेला होतं.

नानांनी नातवाकडे पाहिलं, त्याच्या कमरेकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. तेहतीस वर्षं वर्गाला धाकात ठेवलेले सर खाली बघू लागले.

"ओल," नाना म्हणाले.

आता दुसरा कुणी असता तर गुडघे शेकून परत आला असता. पण एवढ्या लांब येऊन नुसतं बसून अंग ओलं करणं म्हणजे नानांच्या लेखी काकूंची बादलीच. ते सावकाश उतरले. कुंडात आडवे झाले. आणि पोहू लागले. म्हणजे हातांचे पंजे तळाला टेकवून सुसरीसारखे पुढे सरकायचे आणि मागून पाय असे बदडायचे की चौफेर गरम पाण्याचे फवारे. भाविकांनी वाट करून दिली. काहींना तो नवस वाटला असावा.

"आजोबा, तुमचे हात खाली लागताहेत," नातू म्हणाला.

"मुकाट्यानं मागं मागं ये."

काठावर एक पावरा आजी नातवंडांची डोकी घासत बसली होती. तिनं बराच वेळ हा सोहळा पाहिला. मग शांतपणे विचारलं, "बाबा, कापडं धुता का?"

नाना थांबले. त्यांचा मी इतक्या वर्षांत एवढा अपमान झालेला पाहिला नाही. पण उत्तर द्यायला ते उठून बसले आणि तिथेच घोळ झाला. गरम पाण्यात बराच वेळ राहिलं की रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. अचानक उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. नातवानं नंतर सांगितलं की स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवतात. जोरात पोहणाऱ्याच्या अंगाची उष्णता पाण्यात जायला हवी, पाणीच गरम असलं तर ती जाणार कुठे? नानांच्या अंगात सत्तर वर्षांची उष्णता. आम्ही बखोट्याला धरून त्यांना काठावर बसवलं. त्या आजीनं काही न बोलता आपल्याजवळच्या तांब्यातलं गार पाणी पुढे केलं. नाना प्याले. तिला म्हणाले, "कापडं नही मावशी. पोहू ऱ्हायलो होतो." ती म्हणाली, "मंग नदीवर जा ना बाबा." तिचं बरोबर होतं. नदीला पाणी नव्हतं एवढंच.

जरा बरं वाटल्यावर नाना गोमुखाखाली गेले. ओंजळ धरली. गरम पाणी तोंडात घेतलं, गालांत फिरवलं, डोळे मिटले. चहाच्या बागेतले पारखी असं करतात म्हणे. मी शेजारी उभा होतो.

"आपलंच हाये," ते म्हणाले.

सर सरसावले. सावदा कुठे, अडावद कुठे, मधे दीड-दोन तासांचा रस्ता, खडकाचे थर, पाणी असं आडवं पळत नाही... नाना ऐकत राहिले. मग सरांनीच बोलता बोलता स्वतःचा पाय अडकवून घेतला. पाऊस मात्र एकाच सातपुड्यावर पडतो, ते म्हणाले. पायथ्याचा गोट्या-दगडांचा पट्टा आहे ना, डोंगरातून आलेले नाले जिथे अर्ध्या वाटेत जिरून नाहीसे होतात, तिथूनच आपल्या विहिरी भरायच्या.

"तेच तं सांगू ऱ्हायलो," नाना म्हणाले. "डोंगर येक. पानी येक. आमी तिच्यात उतरनं सोडलं, पाइपानं ओढू लागलो, तिले राग आला. रागानं गरम झाली अन् इकडं निघून आली." बोलता बोलता नानांच्या तोंडी विहीर आणि पाणी एकच 'ती' झाली होती. काकू जवळच होत्या. त्या म्हणाल्या, "माहेरी आली म्हना."

भूजलावर मी बऱ्यापैकी वाचलंय. या उपपत्तीइतकी मला दुसरी कुठली पटलेली नाही, आणि ती चूक आहे हे मला माहीत आहे.

दुपारी झाडाखाली जेवायला बसलो. भरीत, पुऱ्या, कांद्याची पात. वांगी काकूंनी आदल्या रात्री घरीच तुरीच्या काड्यांवर भाजून आणली होती, म्हणून जेवण झालं. कारण भाताची जबाबदारी नानांनी घेतली होती. हिमाचलात मणिकरणला गरम झऱ्यात पोटली बुडवून भात शिजवतात हे त्यांनी कुणा यात्रेकरूकडून ऐकलेलं. सकाळीच एका फडक्यात तांदूळ बांधून त्यांनी ते पाण्याच्या वाटेत दगडाखाली अडकवून ठेवलं होतं. मणिकरणचं पाणी उकळतं. उनपदेवचं माणसांनी अंगावर घेण्याजोगं आहे. दोन तासांनी फडकं उघडलं तेव्हा आत तांदूळ होते. ओले आणि कोमट. नानांनी एक दाणा चावून पाहिला, "दाताले बरं," म्हणाले आणि पुऱ्यांकडे वळले.

परतताना ते जीपमध्ये झोपले. गुडघे खरंच मोकळे झाले होते. यावलला चहाला उतरले तेव्हा कुणाचा हात धरला नाही. काकूंनी ते पाहिलं आणि बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर दर आठवड्याला जीप सांगावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केळीच्या वजनकाट्यावर नानांभोवती पाच-सात जण जमलेले. मी मागे उभा राहून ऐकलं. कुंडाची लांबी वाढली होती. नातू सोबत पोहत होता, पण मागे पडला. पावरा आजी मात्र गोष्टीत जशीच्या तशी होती, वाक्यासकट, आणि हसले ते आधी नाना. खोटं बोलायला त्यांना वावडं नाही, पण आपल्यावरचा विनोद ते कमी करून सांगत नाहीत. म्हणून या माणसावर मला रागावता येत नाही.

"खोल किती होतं?" कुणीतरी विचारलं.

नाना थांबले. उजवा हात गळ्याशी गेला. तिथे काकूंनी रात्री लावलेली लाल गुंडी होती. इथेही ते एखादा पुरुष वाढवतील असं मला वाटलं. पण खोलीच्या बाबतीत ते खोटं बोलू शकत नाहीत.

"नव्हतं," ते म्हणाले. "पन पानी आपलंच होतं."

नातू पुण्याला गेला. गॉगल इथेच विसरला आणि भोपळा घेऊन गेला. क्लबातल्या सरांनी तो पाण्यात न्यायला मनाई केली, म्हणून तो आता त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. इकडे नाना गॉगल लावून विहिरीत डोकावतात. पिंपळाचं रोप पूर्वीपेक्षा मोठं दिसतं म्हणतात.

तर सावदा, फैजपूर, रावेर, यावल या बाजूला कुणाच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर असेल आणि तिच्यात आजही पुरुषभर पाणी असेल, तर कृपा करून कळवा. शेततळं नको. केळीला पाणी सोडायच्या आधी अर्धा तास पुरे. येताना नाना चड्डी आणि पंचा स्वतःचा आणतील. तुम्ही फक्त काठावर धोतर नेसून बसा.